वॉर्डातला प्रश्न, मग थिसिस: नागपुरात पहिल्यांदा संशोधन करणाऱ्या जेआरसाठी

सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख आठ दिवसांवर आली की माझ्या टेबलापाशी नवे जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, एखादा टॉपिक द्या ना." मी देत नाही. उसना टॉपिक दुसऱ्या वर्षी किती जड होतो, हे मी माझ्याच थिसिसवर भोगलं आहे.

नागपुरात 'मेडिकल' म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 'मेयो' म्हणजे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे बाहेरगावाहून आलेल्याला चार दिवसांत कळतं. डागा (स्त्री रुग्णालय), सुपर (सुपर स्पेशालिटी रुग्णालय), मिहानमधलं एम्स हेही पाठ होतं. संशोधन कुठून सुरू करायचं ते मात्र कुणी नीट सांगत नाही. सीनियर आपल्या थिसिसची फाइल देतो आणि म्हणतो, "यात बदल करून टाक." तेवढं करू नका. बाकी सगळं जमेल.

हे एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षासाठी लिहिते आहे, पण नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलामुलींनाही यातलं बरंच लागू पडेल. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) दोन महिन्यांचा विद्यार्थी प्रकल्प असतो, त्याची चौकशी करा. पीजीवाल्यांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन मूलभूत कोर्स करावाच लागतो. बहुतेक जण तो शेवटी उरकतात. सिनॉप्सिसच्या आधी केलात तर निम्म्या चुका कागदावर यायच्या आधीच थांबतील.

पायरी १: आठवडाभर वही खिशात ठेवा

कामावर असताना जिथे जिथे वैताग येतो तिथे एक ओळ लिहा. रिपोर्ट उशिरा का येतो? डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं पेशंट घरी जाऊन का करत नाही? एकाच प्रकारच्या जखमेला दोन युनिटांत वेगवेगळं ड्रेसिंग का? आठवड्यात पंधरा-वीस ओळी जमतात. त्यातल्या दहा रागाच्या असतात, पाच तुमच्या हातात नसलेल्या असतात आणि दोन-तीन खऱ्या कामाच्या निघतात.

मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवते. बालरोग विभागातल्या एका जेआरच्या वहीत ओळ होती: 'सिकलसेलचं लेकरू रात्री कळवळत आलं, सुई कधी दिली ते कुणालाच सांगता येईना.' विदर्भात सिकलसेल म्हणजे रोजचं दुखणं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. आपण त्याला क्रायसिस म्हणतो. अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी बाधली की तो उसळतो. म्हणजे आपल्याकडचा मे महिनाही वाईट आणि डिसेंबरही.

त्या ओळीचा प्रश्न असा झाला: क्रायसिसमध्ये आलेल्या मुलाला कॅज्युअल्टीत पोचल्यापासून वेदनाशामकाचा पहिला डोस किती मिनिटांनी मिळतो, आणि किती मुलांना तो तासाभरात मिळतो? कोणता पेशंट, काय मोजायचं, कशाशी ताडून पाहायचं, हे तिन्ही एका वाक्यात बसलं. तुमचा प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर तो एक प्रश्न नाही, तीन आहेत. दोन सोडून द्या.

पायरी २: आधी काय झालंय ते वाचा, पण जवळचं आधी

पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांचा ऑनलाइन शोधसाठा, फुकट आहे. गूगल स्कॉलरही. अडचण अशी की नवा माणूस अमेरिकेतले पन्नास पेपर उतरवतो आणि आपल्याच शहरातलं काम त्याच्या नजरेत येत नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. पुढे नागपूरच्या मेडिकलमधल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जास्त त्रास होणाऱ्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कमी आणि ठरावीक मात्रेत, म्हणजे दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. मुलं अवघी साठ होती. क्रायसिस कमी झाले, रक्त चढवणं कमी झालं.

हा पेपर मी प्रत्येक नव्या जेआरला वाचायला लावते. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रा हळूहळू वाढवत जातात आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. आपला पेशंट गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येतो. दर पंधरा दिवसांनी सीबीसी करायला तो येणार कसा? इथल्या पेशंटला झेपेल अशी मात्रा चालते का, हे इथेच तपासून पाहावं लागलं. साठ मुलांत भागलं, कारण प्रश्न नेमका होता.

आपल्या प्रश्नासाठी ताडून पाहायची रेघही वाचनातच सापडते. अमेरिकन हिमॅटोलॉजी सोसायटीची २०२० ची शिफारस आहे की क्रायसिसचा पेशंट आल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक मिळावं. उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची मर्यादा अर्ध्या तासाची आहे. आपण तासाची रेघ धरू.

जे वाचाल त्याची नोंद झोटेरोत (संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम) ठेवा. तो फुकट आहे, आणि शेवटच्या रात्री संदर्भांचे क्रमांक हाताने बदलत बसावं लागत नाही.

पायरी ३: शब्दांचे अर्थ बांधा, मग संख्या काढा

'कॅज्युअल्टीत पोचल्यापासून' म्हणजे नक्की कधीपासून? गेटमधून आत आल्यापासून, केसपेपर निघाल्यापासून की डॉक्टरने पाहिल्यापासून? तिन्हींत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडू शकतो. एक निवडा, लिहून ठेवा, मध्येच बदलू नका. आम्ही केसपेपरवर छापलेली वेळ धरली, कारण ती प्रत्येकाच्या कागदावर असते.

दुसरी गोम सिकलसेलची स्वतःची. तेच मूल वर्षात चार वेळा येतं. मग मोजायचं काय, मुलं की खेपा? आपला प्रश्न कॅज्युअल्टीच्या कामाबद्दल आहे म्हणून खेपा मोजता येतील, पण एकच मूल आकड्यांत चारदा बसलं तर ते निकाल स्वतःकडे ओढतं. आम्ही प्रत्येक मुलाची पहिलीच खेप धरली. वेगळं ठरवलंत तरी चालेल, मात्र आधी ठरवा.

आता सॅम्पल साइझ, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ती संख्या. याची भीती उगाच असते. किती टक्के मुलांना तासाभरात डोस मिळतो एवढंच काढायचं असेल तर सूत्र शाळेतलं आहे: ४ गुणिले टक्के, गुणिले उरलेले टक्के, भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. समजा अंदाज २० टक्के आहे आणि ५ टक्के इकडे-तिकडे चालतील. ४ × २० × ८० म्हणजे ६४००, भागिले २५, उत्तर २५६.

इथे थांबून वॉर्डाचं रजिस्टर उघडा. आठवड्याला अशी तीन नवी मुलं येत असतील तर वर्षाला दीडशेच्या आसपास होतात. २५६ कुठून आणणार? मग चूक ७ टक्के चालवून घ्या: ६४०० भागिले ४९, म्हणजे १३१. दहा टक्के कागद अर्धवट निघतील असं धरलं तर १४६. हे वर्षभरात होतं. मला आजवर भेटलेले निम्मे अडकलेले थिसिस याच ठिकाणी अडकलेले होते. सूत्र बरोबर लावलं होतं, रजिस्टर उघडलं नव्हतं.

आणि संख्या काढल्यावर एकदा पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाकडे जा. डेटा गोळा झाल्यावर नव्हे, आधी.

पायरी ४: एथिक्स कमिटी

एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यास पेशंटसाठी योग्य आहे का ते तपासून परवानगी देणारी समिती. कागद फार लागतात म्हणून लोक कमिटीला नावं ठेवतात. कमिटीत कोण बसतं ते पाहिलं तर तिचे प्रश्न समजतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार असतो, समाजशास्त्रातला कुणी असतो आणि एक साधा माणूस असतो, ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. तुमच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्या साध्या माणसाला कळत नसतील तर पेशंटलाही कळणार नाहीत. तो प्रश्न विचारतो तेव्हा चिडू नका.

सोबत साधारण हे जातं: प्रोटोकॉल (अभ्यासाचा पूर्ण आराखडा), माहितीपत्रक, संमतिपत्र, प्रोफॉर्मा (प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा कागद), गाइडची सही, विभागप्रमुखांची परवानगी, खर्च कोण करणार त्याचा कागद. माहितीपत्रक मराठी आणि हिंदी दोन्हींत करा. आपल्याकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे पेशंट कमी नाहीत. आणि मराठी म्हणजे बोलली जाते ती. 'सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून' असं लिहिलेला कागद मी परत पाठवते. 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही' एवढं लिहिलं की काम झालं.

फक्त जुने केसपेपर चाळायचे असतील तर संमतीतून सूट मागता येते. ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. 'ऑब्झर्वेशनल आहे, परवानगी कशाला' असं म्हणून कुणी आधी डेटा गोळा केला आणि मग अर्ज केला तर तो डेटा गेला असं समजा. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नसते.

दोन गोष्टी आणखी. अभ्यासासाठी म्हणून ज्या जादा तपासण्या कराल त्यांचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. आणि केवळ तुमच्या फॉलोअपसाठी त्याला बोलावत असाल तर एसटीचं भाडं द्यायची तरतूद आधीच लिहा.

पायरी ५: संमती

आमच्या अभ्यासात आईवडिलांनाही विचारायचं होतं: दुखणं घरी कधी सुरू झालं, आधी कुठे दाखवलं, यायला किती वेळ लागला. म्हणजे संमती आलीच. कमिटीने एकच अट घातली आणि ती अगदी बरोबर होती: मुलाचं दुखणं थांबेपर्यंत कागद पुढे करायचा नाही. कळवळणाऱ्या लेकराची आई कशावरही सही करेल. तिला संमती म्हणत नाहीत.

एकदा मी त्या जेआरबरोबर होते. उमरेडकडची आजी नातवाच्या उशाशी बसली होती. त्याने सगळं समजावून सांगितलं. आजीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लेकराचं दुखनं लिहून कायले नेता जी? त्यानं लेकरू बरं होते का?"

जेआर क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "नाही आजी. याला आज त्याचा उपयोग नाही. पुढच्या वेळी कुणाचंही लेकरू आलं तर त्याला सुई लवकर मिळावी म्हणून लिहितो."

"मंग लिहा," आजी म्हणाली. "पन त्याले आता झोपू द्या."

पाठ केलेल्या दोन पानांपेक्षा हे उत्तर चांगलं होतं. 'तुमच्या मुलाचा फायदा होईल' असं खोटं सांगून सही घेण्याचा मोह होतो. तो टाळा.

तांत्रिक बाजू थोडक्यात: संमती आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकांची. आजी एकटीच असेल तर आईवडील येईपर्यंत थांबावं लागतं. आम्ही दुसऱ्या दिवशी वडील आले तेव्हा त्यांना सगळं पुन्हा सांगून सही घेतली. सात वर्षांवरच्या मुलालाही त्याच्या भाषेत विचारायचं, बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि पुढे लेखी. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर अंगठा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. वॉर्डातली सिस्टर तुमच्या अभ्यासात असेल तर ती साक्षीदार चालत नाही. कागदाची एक प्रत घरच्यांना द्या.

पायरी ६: डेटा, आणि एका घड्याळाची गोष्ट

प्रोफॉर्मा एका पानाचा ठेवा. चार पानांचा केलात तर तिसऱ्या महिन्यात चौथं पान कोरं राहायला लागतं. आधी दहा पेशंटांवर भरून पाहा आणि ते दहा मोजू नका.

या दहांमध्येच आम्ही वाचलो. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते तिथे दहापैकी एका मुलाला केसपेपर निघण्याच्या चार मिनिटं आधी डोस मिळालेला दिसला. सगळ्यांनी आधी सिस्टरांवर संशय घेतला. त्यांनी वेळ अगदी प्रामाणिकपणे लिहिली होती, ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून. ते घड्याळ केसपेपर छापणाऱ्या कॉम्प्युटरच्या अकरा मिनिटं मागे होतं. मिनिटं मोजणारा अभ्यास, आणि दोन टोकांना दोन वेळा! त्यानंतर रोज सकाळी जेआर मोबाइल घेऊन दोन्हीकडे जायचा, फरक वहीत लिहायचा आणि वेळ दुरुस्त करायचा. तुमच्या अभ्यासात घड्याळ नसेल. वजनकाटा असेल, बीपीचा पट्टा असेल, दोन वेगळ्या लॅब असतील. आधी तो मोजणारा दांडा मोजा.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक पेशंट. रंग, जोडलेले चौकोन, चौकोनात लिहिलेले निबंध नकोत. 'हो' साठी १, 'नाही' साठी ०, आणि माहिती नसेल तर ० टाकू नका. शून्य आणि रिकामं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव लिहू नका, क्रमांक लिहा. कोणता क्रमांक कुणाचा ती यादी वेगळी, कुलपात. केसपेपरचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा.

फॉलोअपचा अभ्यास असेल तर शेतीचं कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा. पेरणीला, भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या रोवणीला आणि सोयाबीन काढणीला पेशंट येत नाही. त्यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा, आणि तेही विचारून.

पायरी ७: आकडे वाचणं

इथे फार वेळ घालवू नका, संख्याशास्त्रज्ञ मदतीला आहे. एक सवय मात्र स्वतः लावून घ्या: सरासरीवर लगेच विश्वास ठेवू नका. पाच मुलांना डोस २०, ३०, ४०, ५० आणि ५४० मिनिटांनी मिळाला. सरासरी १३६ मिनिटं येते, जी यातल्या एकाही मुलाची खरी गोष्ट नाही. मधला आकडा ४०. वेळेच्या अभ्यासात मध्यक लिहा, आणि ते ५४० वालं मूल काढून टाकू नका. त्याचा केसपेपर घेऊन बसा. त्या रात्री काय झालं होतं त्यात तुमचा अर्धा चर्चेचा विभाग लपलेला असतो.

आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली नाही म्हणून रडू नका. परीक्षक त्यासाठी नापास करत नाही. का आली नाही ते सांगता आलं नाही तर अडचण होते.

पायरी ८: वॉर्डात बदल करून पाहा

बरेच थिसिस इथपर्यंत येऊन बांधणीला जातात. मला वाटतं खरं काम इथून सुरू होतं. उशीर कुठे होतो ते आता आकड्यांत दिसतं. आमच्याकडे तो डॉक्टरच्या लिहिण्यात नव्हता. औषध वॉर्डात मिळायचं आणि मूल तासभर कॅज्युअल्टीतच बेडची वाट पाहायचं. मग सिस्टरांनीच सुचवलं: सिकलसेलच्या मुलाच्या केसपेपरवर लाल खूण करा आणि पहिला डोस कॅज्युअल्टीच्याच ट्रेमध्ये ठेवा. शिकवणीही तिथेच झाली, ड्यूटी बदलताना पंधरा-वीस मिनिटं, हॉल बुक न करता. हा बदलही कमिटीला कळवून केला, आणि पुढचे तीन महिने त्याच प्रोफॉर्म्यावर मोजलं.

एक सावधगिरी: मोजणारा वही घेऊन उभा असला की डोस आपोआप लवकर मिळतो. म्हणून पहिले दोन आठवडे निकालात धरू नका.

तुमचा बदल म्हणजे नवं औषध, नवी मात्रा किंवा दोन उपचारांची तुलना असेल तर गोष्ट वेगळी होते. असा अभ्यास पहिला पेशंट घेण्याच्या आधी सीटीआरआयवर नोंदवावा लागतो. ही देशाची चाचणी नोंदवही आहे, २००७ पासूनची, नोंदणी फुकट. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागतात: गंभीर दुष्परिणाम झाला तर २४ तासांत कळवायचं आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. पहिल्या थिसिससाठी हे ओझं उचलायचं का, हे गाइडशी मोकळेपणी बोला. माझं मत विचाराल तर नको.

पायरी ९: लिहिणं आणि छापणं

पद्धतीचा भाग आधी लिहा, तो प्रोटोकॉलमध्ये तयारच आहे. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. थिसिस परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. म्हणजे खरी मुदत तुम्हाला वाटते त्याच्या बरीच आधी आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे 'डियर एमिनंट डॉक्टर, ४८ तासांत स्वीकृती' असे मेल येतील. ते उडवा. लेखकांत नाव कुणाचं, यावरून भांडणं होतात. काम सुरू होतानाच एका कागदावर ठरवा. सूचना करणाऱ्या सिस्टरांचं नावही त्या कागदावर आलं पाहिजे.

छापून येईपर्यंत थांबू नका. एक पान मराठीत लिहा, आधीचा मध्यक आणि नंतरचा मध्यक, आणि कॅज्युअल्टीच्या सिस्टरांच्या टेबलावर काचेखाली सरकवा. मग पुढच्या जेआरला बसवून वही सोपवा: एक्सेलमधले १-० चे कोड, प्रोफॉर्मा, रोजच्या फरकाची नोंद. ते भिंतीवरचं घड्याळ दोनदा सेल बदलूनही मागे पडतं. आमच्या नव्या जेआरचं पहिलं काम सकाळी आठला मोबाइल घेऊन त्याच्यासमोर उभं राहण्याचं असतं.